ऊमरा, उमरेड आणि कोबेतला एक रविवार

मी कोबेला गेलो ते एक नाव चुकीचं वाचल्यामुळे.

ओसाकात क्लायंटच्या ऑफिसात सहा महिन्यांसाठी आलो होतो. संध्याकाळी सात वाजता खोलीवर पोचायचं, भात लावायचा आणि मग करायला काही नाही. अशा वेळी माणूस इंटरनेटवर काय काय वाचतो ते सांगण्यासारखं नसतं. मी जपानी सूतगिरण्यांवरचे शंभर वर्षांपूर्वीचे इंग्रजी अहवाल वाचत बसायचो. आमच्या घरात तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत माग होता, एवढंच त्यामागचं कारण. अशाच एका स्कॅनमध्ये हिंदुस्थानातून येणाऱ्या कापसाच्या जातींची यादी सापडली : ब्रोच, धोलेरा, टिनेव्हेली, बेंगॉल आणि ऊमरा.

ऊमरा! इंग्रजांनी आमच्या उमरेडचं नाव कायम 'उम्रेर' असं लिहिलं. कोळसा खाणीच्या पाट्यांवर अजूनही तसंच आहे. तेव्हा 'ऊमरा' म्हणजे आपणच, अशी माझी खात्री झाली. रात्री साडेदहाला बाबांना फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, "उमरेडचा कापूस शंभर वर्षांआधी जपानात!" खाली सत्तावीस अंगठे आणि एका काकांचा तिरंगा.

दोन दिवसांनी कळलं, की ऊमरा म्हणजे 'ऊमरावती', म्हणजे अमरावती. त्या काळचे इंग्रज अमरावतीचं स्पेलिंग ओ-ओ-एम-आर-ए असं सुरू करत. अमरावतीच्या बाजारातला वऱ्हाडी कापूस मुंबईत 'ऊमरा' नावानं विकला जाई आणि तेच नाव लिव्हरपूलपासून ओसाकापर्यंत चालत असे. ग्रुपवर दुरुस्ती टाकायची हिंमत झाली नाही. पण तो कापूस ज्या बंदरात उतरायचा ते बंदर माझ्या खोलीपासून तासाभराच्या आत होतं. म्हणून नोव्हेंबरातल्या एका रविवारी निघालो.

उमेदा स्टेशनवर प्रवासाचं कार्ड भरायला दहा हजार येनची नोट काढली. त्या नोटेवर २०२४ पासून शिबुसावा एइइची यांचा चेहरा आहे. गोल, थोडा प्रेमळ, आपल्याकडच्या एखाद्या सहकारी बँकेच्या संस्थापकासारखा. हे नाव पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

हांक्यू कंपनीची तपकिरी रंगाची गाडी अर्ध्या तासात कोबेच्या सान्नोमिया स्टेशनात सोडते. कोबे हे विचित्र आकाराचं शहर आहे. उत्तरेला रोक्कोचे डोंगर, दक्षिणेला समुद्र आणि मध्ये पट्टीसारखी जमीन. तिथल्या लोकांना दिशा सांगताना 'डोंगराकडे' नि 'समुद्राकडे' एवढे दोन शब्द पुरतात. उमरेडसारख्या चारी बाजूंनी सपाट गावातून आलेल्या माणसाला ही मोठीच सोय वाटते.

प्रवासी आधी डोंगराकडे जातात, मीही गेलो. चढावर कितानो नावाचा मोहल्ला आहे. परदेशी व्यापाऱ्यांची जुनी घरं तिथं जपून ठेवलेली आहेत. १९०९ साली एका जर्मन व्यापाऱ्यानं बांधलेलं, शिखरावर कोंबड्याचं वातचक्र असलेलं विटांचं घर, त्याच्या शेजारी फिकट हिरव्या रंगाचं १९०३ मधलं अमेरिकी वकिलाचं घर. सुंदर आहेत. आत जुन्या खुर्च्या आहेत, त्यांच्यावर बसू देत नाहीत. यापेक्षा जास्त मला त्यांच्याबद्दल लिहिता येणार नाही. गर्दीत सगळ्यांचे फोटो सगळ्यांच्या फोटोत येत होते.

मला त्याच चढावरची दुसरी दोन ठिकाणं जास्त महत्त्वाची वाटली. एक, पांढऱ्या संगमरवराचं जैन मंदिर, १९८५ चं, मोत्यांच्या व्यापारासाठी इथं आलेल्या गुजराती-राजस्थानी कुटुंबांनी उभारलेलं. दुसरी, १९३५ साली उघडलेली मशीद, जपानमधली पहिली. तिच्या वर्गणीत हिंदुस्थानी व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत आजूबाजूचं कोबे जळून गेलं, मशीद उभी राहिली. १९९५ च्या भूकंपातही राहिली. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तिथले पुष्कळ सिंधी रेशीम-व्यापारीही कोबेत आले. म्हणजे हिंदुस्थानी माणूस या गावाला नवा नव्हता. पण मंदिर, मशीद, क्लब ही सगळी विकणाऱ्यांची आणि विकत घेणाऱ्यांची खूण आहे. पिकवणाऱ्याला इथं येण्याचं कारणच नव्हतं.

दुपारी डोंगर उतरून समुद्राकडे आलो. कोबेचं बंदर १ जानेवारी १८६८ रोजी परदेशी जहाजांना उघडलं. शेजारचं ह्योगो हे मूळ जुनं बंदर, बाराव्या शतकापासून नावाजलेलं. पण परक्यांना गावापासून थोडं लांब ठेवायचं म्हणून कोबे नावाच्या खेड्याजवळच्या वाळूवर वसाहत आखली. जॉन हार्ट नावाच्या इंग्रज अभियंत्यानं १२६ भूखंड पाडले, रस्ते सरळ काढले, खालून गटारं नेली. ही वसाहत १८९९ पर्यंत परदेशी लोकांच्या ताब्यात होती. आता तिथं महागड्या घड्याळांची आणि पर्सची दुकानं आहेत, पण भूखंडांचे क्रमांक तसेच राहिलेत. १५ क्रमांकाच्या भूखंडावर १८८० च्या सुमाराचं घर आहे. भूकंपात ते कोसळलं, तर तुकडे गोळा करून १९९८ मध्ये पुन्हा जोडलं. माझ्या नागपुरात एम्प्रेस मिलची जागा मॉलला गेली, हे इथं सांगण्याची गरज नव्हती, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एम्प्रेस मिलवरून आता कापसाकडे येतो.

जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात ती मिल सुरू केली. कारण साधं होतं. कापूस विदर्भात होतो, मग तो मुंबईला नेऊन कातायचा कशाला? रेल्वे १८६७ मध्येच नागपूरला पोचली होती. पण त्याच रेल्वेनं वऱ्हाडातला कापूस जिनिंग-प्रेसिंगमधून सुमारे चारशे पौंडांच्या गाठी होऊन मुंबईला आणि तिथून समुद्रापार जाऊ लागला. आधी लँकेशायरसाठी, मग युरोपच्या इतर देशांसाठी आणि १८९० नंतर वाढत्या प्रमाणात जपानसाठी.

जपानला हा आखूड धाग्याचा कापूस चालायचा. लँकेशायर त्याला नाक मुरडायचं. ओसाकाच्या गिरण्यांनी मात्र वेगवेगळ्या देशांचा कापूस मिसळण्याची कला साधली. थोडा अमेरिकी, थोडा चिनी, बराचसा हिंदुस्थानी. त्यातून जाडंभरडं, स्वस्त आणि टिकाऊ सूत काढायचं आणि चीनला विकायचं. या गिरण्यांतली पहिली मोठी म्हणजे ओसाका बोसेकी. १८८३ मध्ये १०,५०० चात्यांनी ती सुरू झाली. तिच्यामागे उभा राहिलेला माणूस म्हणजे शिबुसावा एइइची, माझ्या खिशातल्या नोटेवरचा.

अडचण जहाजाची होती. मुंबई ते जपान हा मार्ग पी अँड ओ आणि तिच्या दोन युरोपीय सोबत्यांच्या मुठीत होता. भाडं ते म्हणतील ते. १८९३ मध्ये जमशेटजी जपानला आले, शिबुसावांना भेटले. निप्पॉन यूसेन काइशा या जपानी जहाज कंपनीशी ठरलं, की दोघांनी मिळून नवी लाइन काढायची. गिरणीवाल्यांच्या संघानं आपला कापूस याच जहाजांतून आणण्याचं वचन दिलं. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी 'हिरोशिमा मारू' हे जहाज कोबेहून मुंबईला निघालं. जपानची दूर समुद्रातली ही पहिली नियमित जहाजसेवा. अमेरिका नाही, लंडन नाही, मुंबई. आणि ती कशासाठी, तर आपल्याकडच्या रुईच्या गाठींसाठी.

टाटांनी टनामागे बारा रुपये भाडं लावलं. पी अँड ओनं उत्तरादाखल आपला दर दोन रुपयांच्याही खाली आणला. हे वाचताना मला हसू आलं, कारण हीच युक्ती आपण टॅक्सीच्या आणि डाळतांदूळ घरपोच देणाऱ्या ॲप्समध्ये पाहिली आहे : समोरचा मरेपर्यंत तोट्यात विका. टाटांची जहाजं बंद पडली. जपानी कंपनी मात्र टिकली, कारण तिच्यामागे गिरण्यांचं वचन होतं आणि जपान सरकारही. शेवटी पी अँड ओला तिच्याशी तडजोड करावी लागली. जमशेटजींच्या चरित्रांत हा प्रसंग 'पराभव' म्हणून येतो. जपानी नौकानयनाच्या इतिहासात तोच 'आरंभ' म्हणून येतो.

या कंपनीची इमारत कोबेच्या काइगान-दोरीवर, म्हणजे किनाऱ्याच्या रस्त्यावर उभी आहे. ती १९१८ ची, म्हणजे हिरोशिमा मारूनंतर पंचवीस वर्षांनी बांधलेली. पहिल्या महायुद्धात जपानी जहाजांनी पैसा केला, तो दगडात उतरलेला दिसतो. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून बराच वेळ बघत होतो. सुरक्षा रक्षकानं दोनदा पाहिलं. तळमजल्यावर शोभिवंत दुकानं आहेत. कापूस कुठे नाही. मी तरी काय अपेक्षा केली होती? दारात सरकी सांडलेली असेल?

तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल आला.

"काय पाहून राह्यला रे?"

"बंदर पाहतोय बाबा. ही ती जहाज कंपनी. हिच्याच जहाजांतून कापूस यायचा."

"आन् उमरेडचं नाव कुठं लिवलं हाय?"

"नाही लिहिलेलं."

"अमरावतीचं?"

"तेही नाही."

"मंग मुंबईचं तरी असन."

मुंबईचंही दिसलं नाही. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग विचारलं, जेवला का. मी कोपऱ्यावरच्या दुकानातली भाताची दोन त्रिकोणी मुटकी खाल्ली होती. "जेवलो," म्हणालो. कोबेचं गोमांस जगप्रसिद्ध आहे, त्याच्या पाट्यांवरचे आकडे पाहून धर्माचा प्रश्नच उद्भवला नाही.

फोन ठेवल्यावर वाटलं, त्यांना खरं सांगून टाकायला हवं होतं. पण खरं तरी काय होतं? कारण त्या शब्दाचा पुढचा प्रवास मला दरम्यान कळला होता. 'ऊमरा' हे नाव अमरावतीपुरतं राहिलं नाही. मुंबईच्या वायदेबाजारात ते एका मोठ्या गटाचं नाव झालं. वऱ्हाड, खानदेश, मध्य प्रांत, सगळीकडचा साधारण एका प्रतीचा कापूस त्यात मोडायचा. हिंगणघाटच्या लांब धाग्याच्या कापसाला कधी काळी स्वतःचं नाव होतं, स्वतःचा भाव होता. हिंगणघाट आमच्यापासून लांब नाही. पण भरघोस पिकणाऱ्या, आखूड धाग्याच्या जातींनी तो मागे पडला, कारण गिऱ्हाइकाला स्वस्त माल हवा होता. म्हणजे १९२० च्या सुमाराला उमरेड तहसिलीतल्या एखाद्या शेतकऱ्याची गाठ परदेशी निघालीच असेल, तर ती बहुधा ऊमरा म्हणूनच निघाली असेल. बाबांची पोस्ट चूक होती आणि नव्हतीही. गाव पुसलं गेल्यावरच ते यादीत आलं.

त्या वर्षांत हिंदुस्थानातून बाहेर जाणाऱ्या कापसाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जपान होतं. गिऱ्हाईक एवढं मोठं झालं की त्याच्या रुसण्याचीही भीती वाटावी. १९३३ मध्ये तसंच झालं. लँकेशायरचं आणि आपल्या गिरण्यांचं कापड वाचवायला हिंदुस्थान सरकारनं जपानी कापडावरची जकात ७५ टक्क्यांपर्यंत चढवली. जपानी गिरणीवाल्यांनी उत्तर दिलं : तुमचा कापूस घेणार नाही. मंदीनं आधीच भाव पडलेले, त्यात हा बहिष्कार. सिमल्याला महिनोन् महिने वाटाघाटी चालल्या. १९३४ च्या करारात ठरलं, की जपाननं वर्षाला १० लाख गाठी कापूस घेतला तर ३२.५ कोटी वार कापड हिंदुस्थानात विकता येईल, आणि १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वार.

मला हा करार वाचून झोप लागली नव्हती. वाक्य सरळ आहे : इतका कापूस द्या, इतकं कापड घ्या. प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या अटीसारखं. त्यात कापूस पिकवणारा सुटला, असं म्हणता येईल. पण कापड विणणारा?

उमरेडची जुनी ओळख कोळसा नव्हे, आणि वाघही नव्हे. कोष्ट्यांच्या हातमागावरचं रेशीमकाठी सुती कापड, हीच ती ओळख. माझे पणजोबा खड्डामागावर बसायचे. घरच्या बाया कांड्या भरायच्या, खळ लावायच्या. मी हे काहीच पाहिलेलं नाही. मी पाहिलाय तो फक्त मागच्या खोलीतला खड्डा, बुजवून त्यावर धान्याची कोठी ठेवलेला. आजोबा सांगायचे, की त्यांच्या वडलांच्या काळात बाजारात 'जपानी रेशीम' आलं. चकाकायचं खूप, स्वस्त होतं, पण दोन-चार धुण्यांत काठ मेल्यासारखा पडायचा. ते रेशीम नव्हतंच, लाकडाच्या लगद्यातून काढलेला धागा होता. रेयॉन. १९३७ च्या सुमाराला जपान त्याच्या उत्पादनात जगात पहिला झाला होता. विणकरांनी तो धागा घेतला, कारण न घेणाऱ्याचं धोतर महाग पडायचं. "आमी नाही घेतलं," असं आजोबा अभिमानानं सांगत. आत्या म्हणते, घेतलं होतं, सगळ्यांनीच घेतलं होतं.

इतक्या वर्षांत मी जपानला या गोष्टीतला खलनायक समजत होतो. ओसाकात राहायला आल्यावर त्याला तडा गेला. ओसाकाच्या पूर्वेला कावाची नावाचा भाग आहे. तिथले शेतकरी शेकडो वर्षं कापूस पिकवत आणि बायका तो घरच्या मागावर विणत. जाड, निळ्या रंगाचं कावाची मोमेन. १८९६ मध्ये जपाननं बाहेरून येणाऱ्या कापसावरची जकात काढून टाकली, आमचा कापूस मोकळेपणानं आत आला आणि कावाचीचा कापूस शेतातून गेला. त्याच १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ सुरू झाला होता. तिकडे आमच्या भागात माणसं भुकेनं मरत होती आणि इकडे आमच्याच मुलखाच्या कापसानं कुणाचं तरी शेत मोडत होतं.

गिरण्यांच्या आतली गोष्टही वेगळी नव्हती. ओसाका बोसेकीत सुरुवातीपासून रात्रपाळी होती, आधी तेलाच्या दिव्यांवर, १८८६ पासून विजेवर. चात्यांपुढे उभ्या असायच्या खेड्यांतून करारावर आणलेल्या मुली. डिसेंबर १८९२ मध्ये रात्रीच्या वेळी तिथं आग लागली, नव्वदहून अधिक कामगार मेले. पुढच्याच वर्षी हिरोशिमा मारू मुंबईला निघालं. बायकांची रात्रपाळी बंद व्हायला १९२९ उजाडलं. विदर्भाच्या उन्हात वेचलेला कापूस त्या मुलींच्या नाकातोंडात गेला असणार. दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींचं नावही ऐकलं नसणार.

काइगान-दोरी ओलांडली की मेरिकेन पार्क लागतं. 'मेरिकेन' म्हणजे अमेरिकन. अमेरिकी वकिलात जवळ होती म्हणून धक्क्याला ते नाव. लाल रंगाचा, कमरेत आवळलेल्या डमरूसारखा पोर्ट टॉवर १९६३ चा. पोरं सायकली फिरवत होती. कोपऱ्यात साठेक मीटर लांबीचा जुना धक्का १७ जानेवारी १९९५ ला होता तसाच ठेवलाय : फुटलेलं काँक्रीट, तिरपे दिव्यांचे खांब, भेगांतून आत आलेलं पाणी. पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला आणि ६,४०० हून जास्त माणसं गेली. आपल्याकडचा किल्लारीचा भूकंप त्याआधी सोळाच महिन्यांपूर्वीचा, तोही पहाटेच्या झोपेतला. लोक तिथं फार बोलत नाहीत. मीही कठड्याला टेकून उभा राहिलो. या धक्क्यांवरून गाठी वाहणाऱ्यांची पाठ कशी असेल, असा विचार करत होतो, पण समोरच्या पाण्यानं तो विचार फार वेळ टिकू दिला नाही.

परतीच्या वाटेवर, कस्टम हाउसच्या बाजूला, एक मोठी तपकिरी इमारत दिसली. पाटीवर 'किइतो' लिहिलं होतं. किइतो म्हणजे कच्चं रेशीम. १९२७ आणि १९३२ मध्ये बांधलेलं हे सरकारी रेशीम-तपासणी केंद्र, आता डिझाइनची कार्यशाळा. जपानातून अमेरिकेला जाणारं रेशीम इथं तपासून, प्रत ठरवून मगच जहाजावर चढायचं. खरं रेशीम. ते बाहेरच्या श्रीमंत गिऱ्हाइकाला. आमच्या काठाला लगद्याचं.

आत जुनी यंत्रं मांडून ठेवली आहेत. एक पद्धत मला फार आवडली. काळ्या फळीवर रेशमाचा धागा जवळजवळ गुंडाळायचा आणि अंधाऱ्या खोलीत ठरावीक उजेडात नुसत्या डोळ्यांनी बघायचं. कुठे जाड, कुठे बारीक, कुठे गाठ. हे काम करणाऱ्या माणसांच्या नजरेवर कोट्यवधी येनचा व्यापार उभा होता.

मी त्या फळीचा फोटो काढला आणि आत्याला पाठवला. ती बासष्टची आहे. लहानपणी आईच्या शेजारी बसून कांड्या भरायची. आता मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालेलं आहे, दुसरं दिवाळीनंतर करायचं ठरत होतं. मी सान्नोमियाला गाडीत बसलो तेव्हा तिचा आवाजी संदेश आला.

"हे कायचं सूत हाय रे? रेशीम? बरं हाय. पण डावीकून तिसऱ्या पट्टीत एक गाठ हाय, पाहून घे. आन् तू थंडीचं काही घालून राह्यला का नाही?"

मी फोटो मोठा करून पाहिला. गाठ होती.